फुकट वेगळं, खुलं वेगळं : गटाची वही मोबाईलमध्ये टाकण्याआधी



गेल्या पावसाळ्यात आपल्या प्रभागसंघातल्या एका गटावर आलेली वेळ आधी सांगते. गटाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ही वेळ आपल्यापैकी कोणावरही येऊ शकते.

या गटाची लेखापाल ताई हुशार, मोबाईलवर तिचा हात बसलेला. तिने हिशेबाचं एक फुकटचं ॲप घेतलं. बचत, कर्ज, व्याज, हप्ता सगळं त्यात टाकायची. बेरीज आपोआप व्हायची, कोणाचा हप्ता राहिलाय ते लगेच दिसायचं. सगळ्या खूश. हळूहळू कर्ज खतावणी भरणं मागे पडलं. कोणी विचारलं तर, "मोबाईलमध्ये आहे की!"

दीड वर्ष असं चाललं. मग भातलावणीच्या दिवसांत मोबाईल बांधावरून पाण्यात पडला. नवा मोबाईल आला, तेच ॲप उतरवलं, तोच नंबर टाकला. ॲप म्हणालं, मागचे हिशेब पाहायचे असतील तर वर्षाची वर्गणी भरा. ताईने स्वतःच्या खिशातून भरली. तरी शेवटचे चार महिनेच दिसले. तेही नुसते बघायचे, कागदावर काढायची सोय नाही. इकडे बँकेत कर्जाचं प्रकरण टाकलेलं आणि साहेबांना वर्षभराचा हिशेब हवा.

शेवटी अकराही जणींनी आपापली पासबुकं आणली. बँकेचं पासबुक आणि ठराव वही मांडली. दोन रविवार बसून खतावणी पुन्हा लिहिली. बाकी सगळं जुळलं, पण एका ताईच्या दोन हप्त्यांचा मेळ लागेना. ती म्हणते भरले, नोंद कुठेच नाही. गटाने तिचा शब्द मानला. पण त्या बैठकीतून उठताना ती ताईही गप्प होती आणि लेखापाल ताईच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हापासून ग्रामसंघाच्या बैठकीत ॲप, संगणक आणि 'ओपन सोर्स' हे शब्द बरेचदा निघतात. प्रत्येकीचं काहीतरी मत असतं. ती मतं घेऊनच आज बोलू.

ओपन सोर्स म्हणजे काय?

आपल्याकडे घरोघरी आगरी मसाला होतो. मिरच्या, धणे, खडा मसाला मापात घ्यायचा, भाजायचा आणि डंकावर कुटून आणायचा. समजा, एखादीकडून तुम्ही तयार मसाला विकत घेता, पण ती माप सांगत नाही. मग जन्मभर तिच्याकडूनच घ्यायला हवा. तिने भाव वाढवला तरी घ्यायचा, तिने बंद केलं तर बसायचं. दुसरीने मात्र मसाल्याबरोबर मापाचा कागदही दिला, वर म्हणाली, "तुझ्या घरी तिखट कमी लागत असेल तर मिरची कमी कर, शेजारणीलाही दे." हा खुला मसाला.

सॉफ्टवेअरचंही असंच असतं. संगणकाला किंवा मोबाईलला काय करायचं ते सांगणाऱ्या सूचना माणसं लिहितात. त्या सूचनांच्या लिखाणाला 'सोर्स कोड' म्हणतात. बहुतेक कंपन्या तो लपवून ठेवतात. ओपन सोर्स, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, तो सगळ्यांसमोर ठेवलेला असतो. कोणीही ते वापरावं, आत काय आहे ते बघावं, बदलावं आणि दुसऱ्याला द्यावं, असा लेखी परवानाच त्याच्यासोबत असतो.

ही चळवळ जुनी आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशा मुक्त सॉफ्टवेअरचं काम जाहीर केलं. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' नावाचा गाभा लिहून सर्वांना दिला. तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाईल याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. म्हणजे "आम्ही कधी ओपन सोर्स वापरलंच नाही" असं म्हणणाऱ्या ताईच्या पिशवीतसुद्धा ते आहेच.

मत पहिलं : "फुकट आहे, म्हणजे खुलंच असेल"

इथेच आपली मोठी गफलत होते. वरच्या गोष्टीतलं ॲप फुकट होतं, खुलं नव्हतं. फुकट म्हणजे आज पैसे घेत नाहीत, एवढंच. उद्या वर्गणी लावली किंवा ॲपच बंद केलं, तर आपल्या हातात काही राहत नाही. व्हॉट्सॲपला पैसे पडत नाहीत, पण त्याचं लिखाण खुलं नाही. उलट व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं ॲप फुकटही आहे आणि खुलंही. ते फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांच्या कामातून उभं राहिलं आणि २००१ पासून मुक्त परवान्याखाली आहे. त्यात जाहिराती येत नाहीत.

फुकट आणि खुलं यांतला फरक नीट कळायला आपल्या नवी मुंबईतलंच उदाहरण घेऊ. पनवेलहून ठाण्याची लोकल पकडली की वाटेत घणसोली लागतं. तिथे जिओचं मोठं कार्यालय आहे. २१ जुलै २०१७ रोजी जिओफोन जाहीर झाला. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत, बटणांचा फोन पण आत इंटरनेट. आपल्यापैकी कितीतरी जणींनी पहिल्यांदा इंटरनेट पाहिलं ते याच फोनवर.

या फोनच्या आत 'काय-ओएस' नावाची प्रणाली होती. तिचं मूळ मात्र वेगळंच. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिला संस्थेने २०१३ मध्ये स्वस्त फोनसाठी 'फायरफॉक्स ओएस' आणली. २०१४ मध्ये भारतात तिचा फोन १,९९९ रुपयांना आला. तो चालला नाही. २०१५ च्या डिसेंबरात मोझिलाने फोनचा नाद सोडत असल्याचं जाहीर केलं. लिखाण लपवलेलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ते खुलं होतं, म्हणून दुसऱ्या कंपनीने तेच उचललं, त्यात सुधारणा केल्या आणि त्यातून काय-ओएस झाली. एका ठिकाणी टाकून दिलेलं काम दुसऱ्या ठिकाणी कोट्यवधी फोनांत जाऊन बसलं.

आता याची दुसरी बाजू. आतलं मूळ लिखाण खुलं असलं, तरी फोन आपल्यासाठी खुला नव्हता. त्यात कोणतं ॲप येणार आणि कोणतं जाणार, हे कंपन्या ठरवत होत्या. २०१८ च्या सप्टेंबरात व्हॉट्सॲप आलं, तेव्हा गटाचे ग्रुप झाले, फोटो येऊ लागले. मग २०२४-२५ मध्ये काय-ओएसच्या फोनांवरून व्हॉट्सॲप बंद होत गेलं. फोन चांगला होता, बटणं चालत होती, पण ग्रुपवरचे निरोप येईनासे झाले. ज्या ताईंकडे दुसरा फोन नव्हता, त्या गटाच्या निरोपातून बाहेर पडल्या.

म्हणून एखादं ॲप आतून खुलं आहे एवढं ऐकून थांबू नका. त्यातली आपली माहिती आपल्याला बाहेर काढता येते का, हे गटाच्या दृष्टीने त्याहून मोठं आहे.

मत दुसरं : "खुलं म्हणजे कोणीही आपले पैसे बघेल"

ही भीती खूप जणींना वाटते. पण खुलं असतं ते सॉफ्टवेअरचं लिखाण, आपली माहिती नव्हे. कुलूप कसं बनवतात हे सगळ्या लोहारांना माहीत असतं. तरी तुमच्या कपाटाची किल्ली तुमच्याच कमरेला असते. उलट ज्या कुलपाची बनावट दहा जाणकारांनी तपासली, त्याच्यावर विश्वास जास्त ठेवता येतो. २०२० साली कोरोनात सरकारने आरोग्य सेतू ॲप आणलं, तेव्हा ते आपली कोणती माहिती घेतं यावरून देशभर प्रश्न उठले. मे महिन्याच्या अखेरीस सरकारने अँड्रॉइडसाठीच्या ॲपचं लिखाण खुलं केलं, ते लोकांनी तपासावं म्हणूनच.

पण खुलं आहे म्हणजे निर्धोक आहे, असंही समजू नका. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी जगभर वापरलं जाणारं एक खुलं सॉफ्टवेअर आहे, ओपनएसएसएल. २०१२ मध्ये त्यात एक मोठी चूक शिरली आणि २०१४ पर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. लिखाण दोन वर्षं सगळ्यांसमोर उघडं होतं, पण नीट वाचणारे फार थोडे होते.

यातून आपल्याला काही शिकता येईल का? आपल्या पंचसूत्रीत 'नियमित लेखे' आहे. लेखे बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायचे, असा आपला रिवाज. वही टेबलावर उघडी असते, पण तिच्यात डोकावतं कोण? सगळं लेखापाल ताईवर सोडून आपण चहा घेत बसलो, तर उघडी वही आणि बंद वही सारखीच. दीड वर्ष त्या गटात हेच झालं. ॲपवर सगळा राग काढून चालणार नाही.

मत तिसरं : "फुकटचं ते हलकं"

भाजीवाल्याकडची फुकटची कोथिंबीर कधी कधी कोमेजलेली असते, हे खरं. पण खुलं सॉफ्टवेअर म्हणजे उरलंसुरलं नव्हे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये धोरणच जाहीर केलं की सरकारी कामात ओपन सोर्सला पसंती द्यावी. खारघर स्टेशनसमोर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं केंद्र आहे. या संस्थेने आपल्या चेन्नईच्या केंद्रातून 'बॉस लिनक्स' ही संगणक प्रणाली तयार केली. तिची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. ती फुकट आहे, खुली आहे आणि तिच्यात मराठीतून काम करता येतं.

हे आपल्याला आत्ता का हवं, ते सांगते. अनेक ग्रामसंघांत सात-आठ वर्षं जुने संगणक आहेत आणि त्यांवर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीने तिच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा सुधारणा थांबवल्या. काही काळाची जादा मुदत मिळते, ती कायमची नाही. पुढची विंडोज ११ बऱ्याच जुन्या संगणकांवर बसत नाही. दुकानदार सांगतो, "ताई, हा भंगारात द्या, नवा घ्या." नवा घेण्याआधी त्याच संगणकावर लिनक्स टाकून पाहता येतं. इंटरनेट, पत्रं, तक्ते, छपाई एवढंच काम असेल, तर जुना संगणक त्यावर अजून काही वर्षं चालू शकतो. वाचलेले पैसे गटाला कर्जाऊ फिरवता येतात.

पत्रं आणि तक्त्यांसाठी 'लिब्रेऑफिस' आहे. २०१० साली एका मोठ्या कंपनीने 'ओपनऑफिस'ची मूळ कंपनी विकत घेतली. पुढे काय होईल या काळजीने ते काम करणारी बरीच मंडळी खुलं लिखाण घेऊन बाहेर पडली आणि लिब्रेऑफिस सुरू झालं. ते विंडोजवरही चालतं आणि एक्सेलच्या फाइल उघडतं. काही दुकानदार महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी "टाकून देतो" म्हणतात. ती जाणूनबुजून वापरणं कायद्याने गुन्हा आहे. प्रभागसंघाच्या लेखापरीक्षणात तसं काही निघणं आपल्याला शोभणार नाही. लिब्रेऑफिस असताना त्याची गरजही नाही.

मत चौथं : "ते सगळं इंग्रजी, आपल्याला नाही जमायचं"

आपल्यापैकी कितीजणी आधी सही सुद्धा करत नव्हत्या, आठवतंय? आता त्या बँकेत जाऊन कर्जाचं बोलतात.

पवईच्या आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, बोलणं मराठीत, पडद्यावर करून दाखवलेलं. लिब्रेऑफिसमध्ये तक्ता कसा करायचा, बेरीज कशी लावायची, सगळं आहे. धडा थांबवायचा, स्वतः करून बघायचं, पुन्हा लावायचा. याच पद्धतीने स्तनपान आणि बाळाच्या आहारावरही मराठी धडे आहेत. ते आपल्या आरोग्याच्या बैठकीत उपयोगी पडतील. हे धडे खुल्या परवान्याचे आहेत. म्हणजे पेन ड्राइव्हवर घेऊन, जिथे नेटवर्क नाही अशा वाडीवर दाखवले तरी कोणी अडवणार नाही.

आणखी एक रोजच्या उपयोगाची गोष्ट. पापड-लोणच्याचं लेबल छापायला दिलं आणि छापखान्यात मराठीची जागा भलत्याच चिन्हांनी घेतली, असं झालंय ना? मजकूर एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो आणि तो फॉन्ट छपाईवाल्याकडे नसतो, म्हणून असं होतं. यावर उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा. मोबाईलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच असतं. आणि फॉन्ट खुला घ्यायचा. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाने 'मुक्ता' आणि 'बालू' असे सुंदर देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने दिले आहेत. लेबलावर वापरायला पैसे पडत नाहीत आणि छपाईवाल्याला ते फुकट उतरवून घेता येतात.

मत पाचवं : "बिघडलं तर कोणाला धरायचं?"

हा प्रश्न मात्र रास्त आहे. खुल्या सॉफ्टवेअरला दारात येणारा विक्रेता नसतो. तालुक्याच्या दुकानात लिनक्स जाणणारा माणूस सापडेलच असं नाही. शिवाय टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. जिथे सीए टॅलीतच हिशेब मागतात, त्या संगणकावरची विंडोज काढून टाकू नका. प्रिंटरही आधी जोडून पाहा. म्हणून घाई करायची नाही. प्रभागसंघातला एक जुना संगणक निवडा, त्यातल्या फाइलची प्रत बाजूला काढा आणि दोन-तीन महिने चालवून बघा. पनवेल, खारघर, बेलापूर भागात अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत. तिथल्या मुलामुलींना एक दिवस मदतीला बोलावता येईल. आपल्याच गावातली एखादी मुलगी शिकली, तर धरायला घरचंच माणूस मिळालं.

आणखी एक सावधगिरी. "खुलं ॲप आहे, या लिंकवरून घ्या" असा निरोप व्हॉट्सॲपवर आला तर हात लावू नका. पाच मिनिटांत कर्ज देणारी खोटी ॲप अशीच पसरतात, मग फोनमधले नंबर आणि फोटो घेऊन बायकांना धमकावतात. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा.

ॲप घेण्याआधी गटाने विचारायचे पाच प्रश्न

१. हिशेब कागदावर किंवा तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का? आधी खोट्या दहा नोंदी टाकून काढून पाहा. निघाल्या तरच खऱ्या टाका.

२. मोबाईल हरवला, तर नोंदी कुठून परत मिळतील? त्याला पैसे पडतील का?

३. ॲप काय काय मागतं? बचतीचा हिशेब ठेवायला तुमचे फोटो आणि फोनमधले सगळे नंबर कशाला हवेत?

४. कंपनीने ॲप बंद केलं, तर तोच हिशेब दुसऱ्या कुठे उघडेल का?

५. लेखापाल ताई सोडून गटातल्या आणखी दोघींना ते चालवता येतं का?

सरकारच्या 'लोकओएस' ॲपमध्ये गटाची नोंद आणि व्यवहार भरणं हे आपलं काम आहे, ते चुकवायचं नाही. पण ते भरलं म्हणून आपली खतावणी भरायची नाही, असं नव्हे. ॲप कोणतंही असो, महिन्यातून एकदा नोंदी कागदावर काढायच्या, बैठकीत वाचायच्या आणि प्रत्येकीच्या पासबुकाशी ताडून अध्यक्ष-सचिवांनी सह्या करायच्या.

त्या अकरा जणींना शेवटी काय उपयोगी पडलं, आठवा. प्रत्येकीच्या घरी ट्रंकेत ठेवलेलं पासबुक. ते कोणत्याही कंपनीचं नव्हतं, कोणालाही वाचता येत होतं आणि प्रत्येकीच्या हातात स्वतःची प्रत होती. ॲप निवडताना हीच कसोटी लावा. आता त्या गटात खतावणी पुन्हा हाताने लिहिली जाते. लेखापाल ताई लिब्रेऑफिसमध्ये तक्ता करायला शिकते आहे आणि ज्या ताईच्या हप्त्यांचा मेळ लागला नव्हता, ती दर बैठकीत शेजारी बसून नोंदी वाचून दाखवते.

पुढच्या बैठकीत आपल्या गटात हा विषय घ्या. वरचे पाच प्रश्न मोठ्याने वाचा, उत्तरं ठराव वहीत लिहा. आणि घरी गेल्यावर आपलं पासबुक शेवटचं कधी भरलंय, तेवढं एकदा बघून घ्या.